सुनेचं इंग्रजी आणि सासऱ्याचं गाऱ्हाणं

निवृत्त झालेल्या इंग्रजीच्या शिक्षिकेने आमच्या किनाऱ्यावर राहणं सोपं नाही. पर्यटक वाढले तशा घरोघरी भाड्याच्या खोल्या निघाल्या, आणि खोल्यांबरोबर पाट्या. एका पाटीवर जेवणानंतर गोडाऐवजी चक्क वाळवंट मिळतं, कारण डेझर्टमधला एक एस रंगाऱ्याने वाचवला आहे. दुसऱ्या पाटीवर शांत किनारा सांगायचा तर क्वाएटच्या जागी क्वाइट लिहून किनारा 'बऱ्यापैकी' करून ठेवलाय. निवृत्तीनंतर सुरुवातीला मी जाऊन सांगायची. लोक सोलकढी पाजायचे, होय होय म्हणायचे आणि पाटी तशीच राहायची. शेवटी एका खोलीवाल्याने मलाच समजावलं, "बाईनू, गिरायक पाटी वाचून येता, तपासूक नाय." त्या दिवसापासून मी बाजारात तोंड मिटून जाते आणि घरी येऊन चिडते.

अशा चिडखोर बाईकडे कोणी आपण होऊन शिकायला येईल असं मला वाटलं नव्हतं. पण शेजारची सून आली. दुपारची वेळ होती, आणि ती पुढल्या दाराने न येता विहिरीकडून, मागल्या दाराने आली. हातात वाटीभर कुळथाची पिठी. कोणी विचारलं तर पिठी द्यायला गेले होते, असं सांगायची सोय.

ती चाळिशीला टेकलेली. गावच्या अंगणवाडीत मदतनीस. सकाळी वाडीतली पोरं गोळा करून आणायची, त्यांची नाकं पुसायची, खिचडी शिजवायची, भांडी घासायची, आणि पुन्हा पोरं घरोघर पोचवायची. नवरा मुंबईत एका कँटीनमध्ये, गणपतीला आणि शिमग्याला येणारा. घरात ती आणि सासरा. अंगणवाडीच्या सेविकाबाई वर्षभरात निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या जागेवर हिला बसता येणार होतं, पण त्यासाठी बारावी पास असायला हवं होतं. बाकीचे सगळे विषय तिने बाहेरून बसून सोडवले होते. इंग्रजी राहिलं होतं. दोनदा बसली, दोनदा गेली, आणि हे तिच्या नवऱ्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं. परीक्षेच्या दिवशी ती वाडीत सांगायची, मालवणला मीटिंग आहे.

"बाईनू, तुमी माका ओरडा, मारा, काय पण करा," ती म्हणाली, "पण खंय बोलू नकात. परत नापास झालंय तर वाडी हसात. म्हाताऱ्या घोड्याक लगाम घालतत म्हणतली."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असा तिचा हिशेब होता. मी शब्द दिला. ओरडण्याची परवानगी मात्र ताबडतोब वापरायला घेतली.

पहिल्याच दिवशी मी तिला एक पत्र लिहायला बसवलं. पंचायतीला विचारायचं होतं, विहिरीची साफसफाई होणार की नाही. दोन ओळी झरझर आल्या, हस्ताक्षर तर माझ्यापेक्षा चांगलं. मग 'की नाही'पाशी आली आणि हात थांबला. वेदर लिहायचं होतं. पेन कागदावर टेकायचं, उचलायचं, पुन्हा टेकायचं. मी घड्याळाकडे पाहत होते आणि माझा पारा चढत होता.

"काय झालं?"

"ह्यां की तां, ताच समजणा नाय."

हवामानाचं वेदर आणि होय-नायचं वेदर. त्यापुढे अॅक्सेप्ट आलं तिथे पुन्हा थांबली. ते की एक्सेप्ट? मग मला कळलं, हिला इंग्रजी येत नाही असं नव्हतंच. बारावीच्या पेपरात या जोडशब्दांचा काही मोठा प्रश्न नसतो. एखादं अक्षर चुकलं तर तपासणारा फार तर अर्धा गुण कापतो. पण ही प्रत्येक जोडीपाशी, तिठ्यावर कुठली वाट धरावी न कळून उभ्या राहिलेल्या माणसासारखी उभी राहायची, आणि पेपर संपायचा. अर्धी उत्तरपत्रिका कोरी. नापास चुकांनी नव्हे, चुकायच्या भीतीने होत होती. अशी पोरं मी नोकरीत खूप पाहिली. त्यांचं मला नेहमी वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मी आणखी ओरडायची.

मी ठरवलं, रोज एक जोडी. आणि खूण इंग्रजीतली द्यायची नाही, आपल्या घरातली द्यायची. हवामानाच्या वेदरमध्ये ई-ए आहे, कारण समुद्रातही ई-ए आहे, आणि आमच्याकडे हवामान समुद्रावरून येतं. शाळेच्या प्रिन्सिपलच्या शेवटी पी-ए-एल आहे, म्हणजे पाल. आणि आमच्या हायस्कूलच्या प्रिन्सिपलच्या खोलीत भिंतीवर पाल होतीच, तिच्याही शाळेत होती म्हणाली. हलत नाही त्या स्टेशनरीत ए, कारण ए म्हणजे अचल. वह्या-पेन्सिलींच्या स्टेशनरीला उरलेला ई. वाक्यं तिने तिच्या घरातली करायची. लूस म्हणजे सैल: मामंजींच्या चष्म्याची काडी लूस आहे. लूझ म्हणजे हरवणं: म्हणून मामंजी चष्मा लूझ करतात. हे वाक्य लिहून ती तोंडाला पदर लावून हसली. सासऱ्याबद्दल इतकं बोलायची तिची पहिलीच वेळ असावी.

सासऱ्यांना सगळी वाडी आबा म्हणते. पंचाहत्तरीच्या पुढचे, कानाने थोडे कमी, पडवीत बसून असायचे. सून त्यांच्या समोर उभी राहून बोलायची नाही. ताट ठेवायची, पाणी ठेवायची, दाराआडून 'जेवण वाढलंय' म्हणायची. आबाही तिच्याशी बोलायचे नाहीत, हवेशी बोलायचे, माशांच्या आमटीचा भुरका मारून "आज नुस्त्याक मीठ जरा कमी आसा" असं. भांडण वगैरे काही नव्हतं. जुन्या घरांत तशीच रीत आहे. त्यांना ऐकू येत नाही म्हणून नारळ खवताना, भांडी घासताना ती माझ्या जोड्या मोठ्याने घोकायची. तेवढंच एक माणूस घरात, आणि ते बहिरं. अभ्यासाला याहून चांगली जागा कुठली?

आता आबांचं काम सांगायला हवं. ग्रामदेवतेच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे आहे. कोणाच्या घरी लग्न अडलं, गाय दूध देईना, मुलगा बोटीवर जाणार, की नारळ घेऊन देवळात यायचं. आबा तो नारळ देवापुढे धरणार आणि त्या घराच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलणार, आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात 'होय म्हाराजा' म्हणायचं. गाऱ्हाणं घालणारे पुष्कळ आहेत, पण आबांची पद्धत वेगळी. ते सगळं तपशीलवार सांगतात. कोपर दुखत असेल तर डावं की उजवं. मुलगा मुंबईला असेल तर कुठल्या उपनगरात, कितव्या मजल्यावर. मी एकदा थट्टेने विचारलं होतं, देवाला एवढा पत्ता कशाला लागतो? ते गंभीरपणे म्हणाले, "बाईनू, देवाक मोघम सांगल्यार देव मोघमच देता." त्यांनी कधी कागद हातात घेतला नाही. कोणाच्या घरचं एकदा ऐकलं की ते त्यांच्या डोक्यात बसायचं.

दिवाळी झाली, जत्रांचे दिवस आले. आमच्या देवळाच्या जत्रेला सकाळी वाडीचं एकत्र गाऱ्हाणं असतं. मुंबईकर आलेले, माहेरवाशिणी आलेल्या, सभामंडप भरलेला. आम्ही बायका एका अंगाला उभ्या होतो, ती माझ्या शेजारी. आबांनी एकेका घराचा नारळ घेतला, एकेकाचं सांगितलं. शेवटी स्वतःच्या घराचा नारळ उचलला. दर वर्षी या वेळी ते मुलाच्या नोकरीचं आणि काजूच्या मोहराचं सांगतात. या वर्षी त्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, माझ्या घरची सून हय उभी आसा. पोरांका खिचडी रांधून घालता. बारावीच्या इंग्लिशाक ती दोनदा बसली आणि दोनदा तू तिका मागे धाडलंस."

"होय म्हाराजा," मंडप म्हणाला. सवयीने म्हणाला. आणि मग मंडपाच्या लक्षात आलं आपण काय ऐकलं ते.

आबा थांबले नाहीत. "तिचा घोडां जोडयांकडे अडता म्हाराजा. वेदर म्हणजे हवामान, आणि वेदर म्हणजे होय की नाय. बोलूक एक, लिवूक दोन. लूस म्हणजे ढिला, लूझ म्हणजे हरावला. हयसर तिचो हात अडाकता, तो अडाकू देवू नको."

"होय म्हाराजा."

"तिका तू अॅक्सेप्ट कर, एक्सेप्ट करू नको. ह्या वर्साक तिका पार लाव रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

शेवटचा होय सगळ्यात मोठा होता. मग माना वळल्या. मी शेजारी पाहिलं तर ती जागेवर नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मीच तिच्या घरी गेले. ती चुलीपाशी बसली होती, डोळे सुजलेले.

"मामंजींनी माका चव्हाट्यार आणल्यानी," ती म्हणाली. "आता खंयच्या तोंडान फिरू? पास झालंय नाय तर जल्मभर लोक इचारतले. मी बसूचंय नाय, बाईनू. रवांदे ती जागा."

तिचं म्हणणं मला पटलं. दोन वर्षं जिवाच्या आकांताने झाकलेली गोष्ट अशी मंडपात उघडी पडली, तर मीसुद्धा घर सोडून गेले असते. मी तणतणत पडवीत गेले आणि आबांना, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, तुम्हाला हे करायला कोणी सांगितलं होतं?

"मी देवाक सांगलंय," आबा म्हणाले. "लोकांका खंय सांगलंय?"

"लोक काय कानार हात ठेवन उभे नाय होते, आबा."

ते आतल्या दाराकडे एकदा पाहून हळू आवाजात बोलले. "बाईनू, मालवणातसून ती मीटिंग करून येता आणि गोठ्यात जावन रडता. दोन वरसां बघतंय. बारावीचा माका मुंबयच्या झिलान सांगल्यान, जोडये ती घोकता ते ऐकाक येतत. माका ठावक नाय असा तिका वाटता. मी सासरो. इचारतलंय कसा? ऊठ, रडा नको, असा सांगतलंय कसा? माका घरात बोलूक जमणा नाय. देवळात जमता."

माझा राग कुठे गेला कळलं नाही. मला भरून आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी उगाच त्यांच्या चष्म्याची काडी घट्ट करून दिली. मग आत जाऊन तिला त्यांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ती बराच वेळ चुलीतली राख चिमट्याने इकडून तिकडे करत राहिली.

"गोठ्यात रडतंय ता तेंका दिसला?" एवढंच तिने विचारलं.

पुढल्या आठवड्यात ती शिकायला आली. यावेळी पुढल्या दाराने, भर रस्त्यावरून. आता लपवायला काय उरलं होतं? आणि त्यानंतर एक गंमत सुरू झाली. ज्यांनी ज्यांनी मंडपात होय म्हटलं होतं, त्या सगळ्यांना वाटायला लागलं की ही परीक्षा थोडीशी आपलीसुद्धा आहे. देवासमोर होय म्हणून मग अंग काढून घ्यायचं, हे आमच्याकडे बरं मानत नाहीत. पोरांच्या आया सकाळी पोरं आपणच अंगणवाडीत आणून सोडायला लागल्या. मासळीवाली टोपली उतरताना विचारायची, "गो, तुझा इंग्लिश खंयपर्यंत इला?" रिक्षावाला तिला तिठ्यापर्यंत फुकट सोडायचा आणि वाटेत वेदरची दोन रूपं विचारायचा, कारण तेवढी त्याला गाऱ्हाण्यातून पाठ झाली होती. ती सुरुवातीला वैतागायची. मग उत्तरं द्यायला लागली. चारचौघांत मोठ्याने उत्तर देता देता तिचा तिठ्यावरचा थांबा कमी झाला. माझ्या ओरडण्याने जे झालं नव्हतं ते मासळीवालीने केलं, हे मान्य करायला मला काही दिवस लागले. फेब्रुवारीत तिने परीक्षा दिली. जाताना सगळी वाडी अंगणात उभी होती, आणि या वेळी कोणाला मीटिंगचं कारण सांगावं लागलं नाही.

जुलैच्या फेरपरीक्षेत ती पास झाली आणि आज सेविकेच्या खुर्चीवर बसते, हे इथेच सांगून टाकते. पास होणारी माणसं मी जन्मभर पाहिली. पास झालेल्या माणसाला कोणाचीच गरज नसते. मला सांगायचं आहे ते त्याआधीचं, मे महिन्यातलं.

मे महिन्यात निकाल लागला तेव्हा ती नापास झाली होती.

माझ्या ओसरीवर बसून तिने मोबाइलवर पाहिलं. थोड्याच गुणांनी गेली होती, म्हणजे पेपर भरपूर लिहिला होता, पण गेली होती. ती रडली नाही. मोबाइल पालथा घालून जमिनीवर ठेवला आणि म्हणाली, "आता वाडयेक काय सांगू, बाईनू? सगळ्यांनी होय म्हटल्यानी." ज्या दिवसाची तिला दोन वर्षं भीती होती तोच हा दिवस होता, आणि तो कोपऱ्यात लपून काढायची सोयही आता राहिली नव्हती.

कुंपणापलीकडे आबा उभे होते. त्यांनी मला विचारलं, "काय झाला?" मी मान हलवली. त्यांनी एकदा सुनेकडे पाहिलं. घरात गेले, धुतलेलं धोतर नेसून, डोक्यावर टोपी घालून बाहेर आले, काठी घेतली आणि रस्त्याला लागले. देवळात गेले असतील असं आम्हा दोघींना वाटलं. तास झाला, परतले नाहीत. दुपार तापली होती. इतक्यात मासळीवाली आली, टोपली उतरवली आणि निकालाचं काही न विचारता सुनेसमोर चार बांगडे ठेवले.

"आज इचारूचंय नाय," ती म्हणाली. "आबा येवन सांगान गेले."

आबा घरोघर चालले होते. मासळीवालीने सांगितलं तसं, घरापुढच्या खळ्यात उभं राहायचं, कोणी बसा म्हटलं तरी बसायचं नाही, पाणी घ्यायचं नाही. तिथूनच सांगायचं: "माझा गाऱ्हाणा कमी पडला. सुनेचो दोष नाय. तिका कोणी काय इचारू नकात. जुलयेत परत नारळ ठेवतलंय, होय म्हणूक येवा." एवढं बोलून पुढल्या घरी.

सून उठली आणि चालायला लागली. पायात चप्पलही नाही. मी छत्री घेऊन तिच्या मागे धावले. खालच्या वाडीत, माडांच्या बाजूला आबा कुंपणाच्या एका दगडी गडग्यावर टेकले होते. तोंड लाल झालेलं, सदरा पाठीला चिकटलेला. ती त्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. तिला सासऱ्यांच्या समोर अशी उभी राहिलेली मी पहिल्यांदा पाहिली.

"मामंजी, घराक चला," ती म्हणाली.

"दोन घरां रवली हत."

"तीं मी सांगतंय. तुमी बसा."

आबांनी मान वर केली. मी छत्री त्यांच्या डोक्यावर धरली. ती समोरच्या घराच्या खळ्यात गेली, पदर खोचला आणि आतल्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काकीनू, मी नापास झालंय. इंग्लिशात. जुलयेत परत बसतलंय."

घरातली म्हातारी हात पुसत बाहेर आली. "इतक्या उन्हाचा ह्यां सांगूक इलंस? ये, पयली पाणी पी."

ती पाणी प्यायली. मग पेला उपडा ठेवून, आमच्याकडे न पाहता, दुसऱ्या घराकडे गेली.